तिला बोलतं करू नकोस

छोटे, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका पेशंटला सलाईन लावत होते, म्हणून तुला धड उत्तर देता आलं नाही. "उद्या बोलू" म्हणाले आणि ठेवला. आत्ता ड्युटी संपवून घरी आलेय, चहा झालाय, आणि फोन करायच्या ऐवजी लिहायलाच बसलेय. फोनवर तू मधेच रडशील, मला मधेच हाक येईल, आणि सांगायचंय ते राहून जाईल.

तू सांगितलंस ते सगळं डोळ्यांपुढे आणून बघितलं. विसर्जनाची रात्र. तुमच्या पुण्यात मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ढोल-ताशानं खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पहाटे चारला तुला जाग आली तर पाळणा रिकामा, आई नाही, दार नुसतं लोटलेलं. तू अनवाणी जिना उतरून खाली पळालीस. तुझी आई, माझी आत्या, गेटजवळच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि शेजारी वॉचमन उभा. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "वेड लागलंय का गं तुला?" ती काही बोलली नाही. वर आली, बाळाला पाळण्यात ठेवलं आणि तुझ्यासाठी अळिवाची खीर करायला लागली.

चार दिवस झाले, तुम्ही दोघी कामापुरतंच बोलताय. आणि तू मला म्हणालीस, "ताई, आता बास. रविवारी हे बाळाला घेऊन बाहेर जातील. मी आईला समोर बसवते आणि सगळं बोलायला लावते. बत्तीस वर्षं मनात साठवून ठेवलंय. एकदा बाहेर पडलं की सुटेल ती."

म्हणून हे लिहितेय. रविवारी तिला समोर बसवू नकोस. तुझं प्रेम मला दिसतं, पण तसं करू नकोस. का ते सांगते.

तुला किल्लारीचा भूकंप ऐकून माहीत आहे. तू त्यानंतर तीन वर्षांनी झालीस. मी तेव्हा तिसरीत होते, लातुरात. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावंच्या गावं उशिरा झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली, आजीनं मला ओढत रस्त्यावर नेलं. पण आमचं घर उभं राहिलं. औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या गावांत तसं झालं नाही. तिकडची जुनी घरं दगडाची, दोन-दोन अडीच-अडीच फुटांच्या भिंती, सिमेंट नाही, नुसत्या चिखलात रचलेल्या, आणि वर मातीचं जाड माळवद. दरवर्षी त्यावर मातीचा थर चढायचा. तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास ८,००० माणसं गेली. ५२ गावं अशी कोसळली की ती नव्या जागी वसवावी लागली.

आत्याला त्या मातीतून दुपारी बाहेर काढलं. तिच्या शेजारी तुझा दादा झोपला होता, तीन वर्षांचा.

त्या मधल्या तासांबद्दल तिनं मला एकदा, एकदाच, सांगितलं आहे. ते मी इथं लिहिणार नाही आणि तुलाही सांगणार नाही. ते तिचं आहे. तिला वाटलं तर ती तुला देईल.

आता हे बघ. आपल्यासाठी त्या दिवसाची एक तारीख आहे. तिच्यासाठी दोन आहेत, एक तिथी आणि एक तारीख. कधी अनंत चतुर्दशी सप्टेंबरच्या सुरुवातीला येते, कधी अगदी शेवटी. यंदा ६ सप्टेंबरला होती, म्हणजे ३० तारखेपर्यंत चोवीस दिवस. हे मधले दिवस ती कशी असते ते तू लहानपणापासून बघितलंयस, फक्त त्याला नाव दिलं नव्हतंस. जेवण कमी होतं, भाजीत मीठ दोनदा पडतं, हाक मारली की दचकते, आणि पहाटे साडेतीनला न चुकता जागी असते. तू खाली पोचलीस तेव्हा चार वाजले होते ना? ती त्याच्या आधी अर्धा तास खाली आली असणार. ती बाळाला पळवून नेत नव्हती गं. तिनं या वेळी बाळाला वेळेत बाहेर काढलं होतं.

आपल्याकडे 'धसका' हा शब्द आहे. मला तो फार नेमका वाटतो. पण तो आपण दोन तऱ्हांनी वापरतो. 'धसका बसला' म्हणतो, तेव्हा तो बाहेरून येऊन बसलेला असतो, माणसाचा त्यात दोष नसतो. आणि 'तिनं धसका घेतलाय' म्हणतो, तेव्हा जणू तिनं तो आपणहून हातात घेतला आणि आता सोडत नाहीये. आत्याच्या बाबतीत घरातल्या सगळ्यांनी, माझ्या आईनं, बाबांनी, तुझ्या काकवांनी, पहिली दोन-तीन वर्षं 'बसला' म्हटलं. मग 'घेतलाय' म्हणायला लागले. आणि 'घेतलाय' म्हटल्यावर पुढचं वाक्य तयारच असतं, "आता सोड की."

डॉक्टरी पुस्तकात हे फार उशिरा आलं. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आघातानंतर मागे उरणाऱ्या त्रासाचं पीटीएसडी हे नाव आपल्या आजारांच्या यादीत घातलं, तेही व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले डॉक्टर मागे लागले म्हणून. आत्याला तोच आजार आहे का हे मी ठरवणार नाही, ते माझं काम नाही. पण धसका बसलेल्या शरीरात काय चालतं ते मी शिकलेय आणि वॉर्डात रोज बघते. ते तुला कळलं तर तुझा निम्मा राग उतरेल.

साधी आठवण असते ना, तिच्यावर तारीख असते. तुझ्या लग्नात पाऊस आला, सगळ्यांच्या साड्या भिजल्या, हे आठवलं तर तू हसतेस. तुला माहीत असतं की ते तेव्हाचं आहे. मेंदूत एक भाग, हिप्पोकॅम्पस, घडलेल्या गोष्टीला जागा आणि काळ चिकटवून ठेवायला मदत करतो. आणि दुसरा एक बदामाएवढा भाग आहे, अमिग्डाला. त्याचं काम धोका ओळखून घंटा वाजवायची. जीव जायची वेळ येते तेव्हा घंटा इतकी जोरात वाजते की जागा-काळ चिकटवण्याचं काम धड होत नाही. मग वास, आवाज, अंगावरचा दाब हे सुटे सुटे तुकडे तारखेशिवाय आत पडून राहतात. पुढे तसाच एखादा वास आला की तुकडा वर येतो, आणि तारीख नसल्यामुळे शरीराला वाटतं, आत्ताच चाललंय. छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, पाय पळायला बघतात किंवा जागच्या जागी थिजतात. हे सगळं विचार करायच्या आधी होतं. "अगं, हे पुणं आहे, पक्की बिल्डिंग आहे" हे तिला समजावून काय उपयोग? ते तिला तुझ्याइतकंच माहीत आहे. तिच्या पायांना माहीत नाही.

मागे तू बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदललीस, पाणी घातलंस, आणि आई आत जाऊन दार लावून बसली. तू मला म्हणालीस, "माझं काहीच तिला आवडत नाही." छोटे, पहिल्या पावसाचा ओल्या मातीचा वास सगळ्या जगाला आवडतो. आत्या तेव्हा खिडक्या लावून घेते. आता तरी तुझ्या लक्षात येईल.

आणि थिजण्याचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. धोका आला की माणूस लढतो किंवा पळतो असं आपण धरून चालतो. पण खूपदा शरीर तिसरंच करतं, दगड होतं. आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नसतं. आमच्याकडे अत्याचार झालेल्या मुली येतात, त्यांना लोक पहिलं विचारतात, "ओरडली का नाहीस?" त्या मुलीही स्वतःला तेच विचारत असतात, वर्षानुवर्षं. तुझ्या आईनंही स्वतःला काही ना काही विचारलं असणार. म्हणून "तू तेव्हा काय केलंस?" हा प्रश्न तुझ्या तोंडून, कितीही मायेनं, येऊ देऊ नकोस.

आता माझी चूक सांगते. ही तुला आजवर सांगितलेली नाही.

२०१८ साली आत्याची कंबर धरली होती, पाय बधिर व्हायचा. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. मीच घेऊन गेले. कुठल्या सेंटरला ते राहू दे. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना काढून माझ्या हातात दिल्या. तिला आडवं केलं, पट्टा बांधला, "हलायचं नाही" म्हणाले आणि डोक्याकडून त्या नळीत सरकवलं. मशीन सुरू झालं. तो आवाज तुला माहीत असेल, खडखड, धडधड, जणू डोक्यावर कुणी दगड फोडतंय. अर्ध्या मिनिटात ती ओरडायला लागली. बाहेर ओढलं तर डोळे घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हात तोंडासमोर, बोटं भराभर चाललेली, काहीतरी बाजूला सारत असल्यासारखी. टेक्निशियन म्हणाला, "एवढं काय बाई, लहान पोरं करून घेतात." आणि मी? तेरा वर्षं नोकरी झालेली स्टाफ नर्स, तिची भाची. मी म्हणाले, "आत्या, पाच मिनिटं सहन कर ना गं."

ती बोटं माती उपसत होती. ते मला घरी आल्यावर, रात्री, कळलं.

दीड महिन्यानं दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथला टेक्निशियन पंचविशीचा मुलगा. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "या किल्लारीकडच्या आहेत. त्र्याण्णव." लातूरचाच होता. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. आत्याला म्हणाला, "मावशी, आधी नुसतं बघायला या." दार उघडं ठेवून त्यानं तिला मशीनचा आवाज ऐकवला. हातात रबरी फुगा दिला, म्हणाला, "हा दाबला की मी येतो, दाबून बघा." तिनं दाबला, तो आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हाही हसत आला. मग कंबरेचाच फोटो हवा असल्यामुळे त्यानं तिला पायांकडून आत घेतलं, म्हणजे डोकं नळीच्या तोंडाशी राहिलं, उजेडात. माझ्या अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला लावलं आणि मला तिच्या डोक्याशी उभं केलं. प्रत्येक वेळी आधी सांगायचा, "मावशी, आता तीन मिनिटं खडखड होईल." एकदा तिनं मधेच फुगा दाबला. त्यानं मशीन थांबवलं, बाहेर घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आज करायचं की परत याल?" ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कर बाबा."

याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणतात. आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा. पुढे आम्हाला त्याचं प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं की अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं २०१४ साली याची तत्त्वं लिहून काढली: माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे, काय होणार ते आधी कळलं पाहिजे, त्याच्या हातात काहीतरी निवड असली पाहिजे, आणि उपचार करता करता आपणच त्याला पुन्हा त्या खड्ड्यात ढकलायचं नाही. मी ते लिहून घेत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो रबरी फुगा होता. त्या पोरानं हे सगळं केलं, आणि तिची कहाणी त्याला आजही माहीत नाही. त्याला तिची गरजच पडली नाही.

तुला रविवारची घाई आहे म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं.

"मन मोकळं कर, रडून घे, बरं वाटेल" असं आपण सगळेच म्हणतो, आणि रोजच्या दुःखाला ते लागूही पडतं. पण मोठ्या आघाताचं वेगळं असतं. मधे काही वर्षं अशी पद्धत होती की दुर्घटनेनंतर लगेच माणसांना बसवायचं आणि एका बैठकीत सगळं वदवून घ्यायचं. अभ्यास झाले तेव्हा दिसलं की त्यानं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. आता जागतिक आरोग्य संघटना असं करू नका म्हणते. त्यांच्या मानसिक प्रथमोपचारात तीनच गोष्टी आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. गरज काय आहे ते बघायचं, माणूस जेवढं बोलेल तेवढं ऐकायचं, आणि जिथं मदत मिळेल तिथं पोचवायचं. ज्यूडिथ हर्मन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ सालच्या पुस्तकात क्रम लावून दिला आहे: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. तू दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करायला निघालीस.

आपल्या कायद्यालाही हे उमगलं आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, २०१२ चा. त्यात मुलाचा जबाब घ्यायला पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं जायचं, होता होईल तो बाई अधिकाऱ्यानंच तो घ्यायचा, आणि साक्षीसाठी मुलाला पुन:पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. तेच तेच पुन्हा सांगायला लावणं ही दुखापत आहे, हे धरूनच ते लिहिलंय. सगळीकडे तसं होतं असं मी म्हणणार नाही, पण होतं तिथं मुलाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, तो मी पाहिलाय. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी. केसपेपरवर 'जिन्यावरून पडली' एवढंच लिहिलेल्या बाईला एकटीला आडोशाला बसवून विचारायचं, तिच्यावर विश्वास ठेवायचा, आणि आज सांगायचं नसेल तर दार उघडं ठेवायचं. आमच्या वॉर्डातही मी तेच करायचा प्रयत्न करते. काही बायका तिसऱ्यांदा पडून आल्यावर बोलतात. तोपर्यंत मी ड्रेसिंग करते आणि हात लावायच्या आधी सांगते, "आता हात लावते हं."

आता तुझं.

तू म्हणशील, सगळं आईचं आईचं, आणि मी? ते बरोबरच आहे. झोपताना ती पदराचं टोक तुझ्या मनगटाला बांधायची, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू सहावीत असताना शाळेची सहल गेली, तू नाही गेलीस. मैत्रिणीकडे रात्री राहायला कधी नाही. तुला सगळे भित्र्या आईची लेक म्हणायचे. आणि त्याहून खोल एक गोष्ट. भूकंपानंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हापासून बायका आत्याला म्हणायच्या, "रडू नको, दुसरं होईल." ते 'दुसरं' म्हणजे आपण, हे तुला कधीतरी कळलं. केव्हा कळलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण तुझ्या दहावीच्या सुट्टीत तू मला विचारलं होतंस, "ताई, दादा असता तर मी असते का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. माफ कर. तुलाही लागलंय, छोटे. आघात घरात एकाच माणसावर थांबत नाही. त्याच्यापाशी वाढणाऱ्या लेकरांच्या अंगात तो सवयीसारखा उतरतो. तू बाळाचा श्वास रात्रीतून सात वेळा बघतेस, हे जावईबापूंनी मला सांगितलंय.

म्हणून बोलायचं असेल तर तू बोल. आईशी नाही, आधी तुझ्यासाठी कुणाशी तरी. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तिथून पुढं कुणाकडे जायचं तेही सांगतात. बाळंतपणानंतरचे दिवस नाजूक असतात, त्यात आणि हे. जाताना "मला झोप लागत नाही" एवढंच सांगितलंस तरी पुरे.

आईचं म्हणशील तर तिनं मागितली तर मदत आहे, आणि चांगली आहे. आठवणीला हळूहळू तारीख चिकटवणारे उपचार आहेत, ते शिकलेले लोक असतात, ते पेशंटच्या चालीनं चालतात. पण तिनं हो म्हटल्यावर. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नकोस, शेजारच्या काकूंना कितीही गुण आलेला असो. आणि एक मात्र लक्षात ठेव. ती जेवायची पूर्ण थांबली, किंवा "आता मी कशाला राहू" असं काही तोंडातून निघालं, तर तिच्या परवानगीची वाट बघायची नाही. एकटीला सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर.

तसं होईल असं मला वाटत नाही. जगात दहांतल्या सात माणसांवर आयुष्यात कधी ना कधी आघाताचा प्रसंग येतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पीटीएसडी झालेली माणसं शंभरात चारच्या आसपास निघतात. बाकीची सावरतात, आणि त्यात सगळ्यात जास्त कामाला येतात ती जवळची माणसं. आत्याही पुष्कळ सावरली आहे, आपल्याला ते दिसत नाही एवढंच. पुनर्वसनातल्या घरात तिनं तुला वाढवलं, शेत पाहिलं, तुझ्या बाबांना सांभाळलं. ते तर त्या दिवसाबद्दल एक अक्षर न बोलता गेले. तिकडे ती अजून अंगणात झोपते आणि उशाशी उपड्या तांब्यावर स्टीलचा पेला ठेवते. लहानपणी मला वाटायचं रात्री पाणी प्यायला असेल. पेल्यात पाणी कधीच नसायचं. जमीन हलली तर तो पडून आवाज होईल, म्हणून. ही बाई चौथ्या मजल्यावर स्लॅबखाली तीन महिने झोपतेय, छोटे. तुझ्या बाळंतपणासाठी.

तर रविवारी तिला समोर बसवू नकोस, शेजारी बस. लसूण सोलायला घे. विसर्जनाच्या रात्रीबद्दल बोलायचंच असेल तर इतकंच म्हण, "मी त्या दिवशी ओरडले, माझं चुकलं. मला बाळ दिसलं नाही म्हणून मी घाबरले." ती काही बोलली तर ऐक, गप्प राहिली तर लसूण सोलत राहा. "समजतंय गं मला" असं म्हणू नकोस, आपल्याला नाही समजत. ३० तारीख मंगळवारी आहे. तिला आधीच विचारून ठेव, "त्या पहाटे तुला कुठं बसायला बरं वाटेल?" खाली म्हणाली तर खाली. तू पण जा, स्वेटर घालून, बाळाला टोपडं घालून. वॉचमनला आदल्या दिवशी सांगून ठेव म्हणजे तो येऊन विचारणार नाही. न सांगता बाळाला न्यायचं नाही, मला उठवायचं, हे तूही तिला सांग. तुझी भीती खोटी नाही, आणि ती मान्य करेल असं मला वाटतं. पेला आणि तांब्या तिच्या उशाशी ठेवायचा का, तेही विचार. लाजेल, पण विचार.

आणि एक. काल तुझा फोन झाल्यावर मी पहाटे तिला फोन केला होता. साडेतीनला, जागी असणार हे माहीत होतं म्हणून. इकडचं तिकडचं बोलली, बाळाचं बोलली, तुझ्या अंगावर दूध कमी येतंय याची काळजी केली. मग म्हणाली, "इथल्या पायऱ्या अठ्ठ्याहत्तर आहेत गं. मी मोजल्यात. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय, तिथं पाऊल चुकतं."

सोसायटीची वाट बघू नकोस. आज संध्याकाळी बल्ब आणून लावून टाक.